रानडुक्कर, हंस, तारा आणि उशिरा फुललेले गुलाब

सोमवार : लंडन

इनर टेंपलची बाग शनिवार-रविवार बंद असते आणि इतर दिवशीही दुपारी साडेबारा ते तीन एवढाच वेळ उघडते. वकिलांची जागा आहे. थेम्सकडे उतरत गेलेली हिरवळ, कडेने फुलांचे ताटवे, बाकांवर डबा खात बसलेली मंडळी. शेक्सपिअरने ‘हेन्री सहावा’च्या पहिल्या भागात याच परिसरात भांडण लावून दिलं आहे. रिचर्ड प्लँटॅजेनेट म्हणतो, जो माझ्या बाजूचा असेल त्याने पांढरा गुलाब खुडावा. सॉमरसेट म्हणतो, माझ्या बाजूच्याने लाल. एकेक सरदार पुढे येऊन फूल तोडतो आणि इंग्लंड दुभंगतं. पार्लमेंटच्या इमारतीत हेन्री पेनने रंगवलेलं या प्रसंगाचं मोठं चित्रही आहे.

प्रसंग झकास आहे, फक्त तो घडलेला नाही. शेक्सपिअरने नाटक लिहिलं तेव्हा या लढाया संपून शंभर वर्षं होऊन गेली होती. ‘गुलाबांची युद्धे’ हे नाव तर आणखी उशिराचं. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने आपल्या इतिहासात दोन गुलाबांच्या झगड्याचा उल्लेख केला आणि १८२९ साली वॉल्टर स्कॉटच्या एका कादंबरीनंतर ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. १४५५ ते १४८७ या काळात जे प्रत्यक्ष मारत आणि मरत होते, त्यांना आपण गुलाबांच्या युद्धात आहोत याची कल्पना नव्हती. मग त्यांच्या छातीवर होतं तरी काय? ते बघायला म्हणून ही सहल आखली. बागेत गुलाब होते. फोटो काढला आणि पुढे निघालो.

ज्यांचा इंग्लंडच्या राजांशी फारसा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: भांडण चुलतभावांचं. एडवर्ड तिसऱ्याच्या मुलांपासून दोन शाखा निघाल्या, लँकेस्टर आणि यॉर्क. गादीवर लँकेस्टर शाखेचा हेन्री सहावा. देवभोळा, आणि मधूनमधून महिनोन्‌महिने भान हरपणारा. त्याची राणी मार्गारेट करारी. समोर दावेदार रिचर्ड, ड्यूक ऑफ यॉर्क, आणि पुढे त्याची मुलं: एडवर्ड चौथा आणि रिचर्ड तिसरा. शेवटी बाहेरून आलेल्या हेन्री ट्यूडरने डाव जिंकला. एवढं पुरे.

दुपारी ब्रिटिश म्युझियम. मध्ययुगीन युरोपच्या दालनात, काचेमागे, तीनेक सेंटिमीटर उंचीचा एक हंस आहे. सोन्याचा, वरून पांढरा मीना, गळ्यात छोटा मुकुट आणि त्याला सोन्याची साखळी. १९६५ साली डन्स्टेबल गावात उत्खननात सापडला. साधारण १४०० च्या सुमाराचा. हा दागिना म्हणून घातलेला नाही, हा बिल्ला आहे. मी अमक्याचा माणूस, एवढं सांगणारा.

कुलचिन्ह आणि बिल्ला यांतला फरक इथेच नीट समजून घेतला तर पुढची गावं सोपी जातात. ढालीवरचं कुलचिन्ह एका माणसाचं. ते दुसऱ्याने लावायचं नाही. बिल्ला उलट वाटण्यासाठीच असतो. सरदार तो आपल्या नोकरांना, कुळांना, भाडोत्री शिपायांना वाटतो. श्रीमंताला सोन्याचा किंवा चांदीचा, बाकीच्यांना कथिल-शिशाचा, नाहीतर कापडावर शिवलेला. आपल्याकडे मतपत्रिकेवर चिन्ह छापावं लागलं त्यामागे जो विचार होता, तोच इथे: वाचता येत नसलं तरी बैल, हंस, अस्वल सगळ्यांना कळतं. १४५८ साली यॉर्कच्या बाजूचा अर्ल ऑफ वॉरिक लंडनमध्ये आला तेव्हा त्याच्यासोबत सहाशे माणसं होती, लाल अंगरख्यात, आणि प्रत्येकाच्या छातीवर-पाठीवर त्याची खाचाखाचांची काठी. शहराने काय ते ओळखलं असेल.

हा हंसही लँकेस्टर घराण्यात फिरत राहिलेला पक्षी. १४५९ साली राणी मार्गारेटने चेशायरमधल्या खानदानी लोकांना हंसाचे बिल्ले वाटले, आपल्या मुलाच्या नावाने. मुलगा सहा वर्षांचाही झाला नव्हता. म्हणजे लँकेस्टरची बाजू उभी राहिली ती हंसावर, लाल गुलाबावर नव्हे.

मंगळवार : सेंट ऑल्बन्स

सेंट पॅन्क्रसहून गाडीने वीसेक मिनिटं. पहिली लढाई इथलीच, २२ मे १४५५. तीसुद्धा शेतात वगैरे नाही, गावाच्या रस्त्यांतच. राजाने बाजारपेठेत आपलं निशाण उभारलं होतं. यॉर्कची माणसं अडथळ्यांवर अडकून पडली, तेव्हा वॉरिकने घरांच्या मागच्या बागांमधून वाट काढली. नेमकी कुठून? त्या वेळच्या वृत्तांतात लिहिलंय, ‘किल्ली’ची पाटी आणि ‘चौकडी’ची पाटी यांच्या मधून. घरांना नंबर नव्हते, पत्ता सांगायचा तो सराईवर टांगलेल्या चित्राने. आज त्या रस्त्याचं नावच चेकर स्ट्रीट आहे. वॉरिक जिथून घुसला तिथे मी कॉफी घेतली, म्हणजे अंदाजे तिथेच.

पुढे सेंट पीटर्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एका इमारतीवर पाटी आहे. इथे ‘किल्ला’ नावाची सराई होती आणि तिच्या दाराशी राजाच्या बाजूचा ड्यूक ऑफ सॉमरसेट मारला गेला. त्याला म्हणे भविष्य सांगितलं होतं, किल्ल्यांपासून जप. म्हणून तो किल्ले टाळत असे. मरताना वर पाहिलं तर टांगलेल्या पाटीवर किल्ला. भविष्यवाणी बहुधा मागाहून जोडलेली, पण गोष्ट रचणाऱ्याला त्या काळाची नस कळली होती.

राजाचं काय झालं? मानेला बाण लागला. निशाण ज्याच्या हातात होतं त्या अर्ल ऑफ विल्टशायरने ते सोडलं आणि पळून गेला, असं एका लंडनकराची बखर सांगते. राजाचं निशाण एका घराच्या भिंतीला टेकून एकटंच उभं राहिलं.

चौकातला घड्याळाचा मनोरा लढाईच्या आधीपासूनचा आहे आणि त्यातली घंटा त्या दिवशी गावकऱ्यांना जागं करायला वाजवली होती असं सांगतात. मनोरा उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारीच चढता येतो. मंगळवारी आल्याची शिक्षा भोगून कॅथीड्रलकडे वळलो.

तिथे सेंट ऑल्बनच्या समाधीशेजारी हम्फ्री, ड्यूक ऑफ ग्लॉस्टरचं थडगं आहे, दगडी जाळीकामाचं. हा हेन्री सहाव्याचा काका, १४४७ साली कैदेत मेला. माझं त्याच्याशी काम एका कवितेपुरतं. युद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधी इंग्लंडमध्ये एक राजकीय पद्य फिरत होतं. त्यात एकाही माणसाचं नाव नाही. हंस गेला, मशालीचा उजेड विझला, अस्वलाला बांधलं कारण त्याची काठी हरवली, बहिरी ससाणा उडत फिरतोय आणि त्याला विसावा नाही. ऐकणाऱ्याला सगळं कळत होतं: हंस म्हणजे हम्फ्री, मशाल म्हणजे एक्झिटरचा ड्यूक, अस्वल वॉरिक, ससाणा रिचर्ड ऑफ यॉर्क. ज्याच्यावर सगळ्यांचा राग होता त्या सफकच्या ड्यूकला तर लोक ‘जॅकनेप्स’, म्हणजे माकड म्हणत. पाळीव माकडाच्या पायात बांधायचा लाकडी ओंडका आणि साखळी हा त्याचा स्वतःचा बिल्ला होता. स्वतःच्या हाताने शत्रूंना शिवी पुरवली म्हणायची.

सेंट ऑल्बन्सला दुसरी लढाईही झाली, १७ फेब्रुवारी १४६१ रोजी. त्या वेळी राणीच्या फौजेत प्रत्येक सरदाराच्या माणसांनी आपापल्या सरदाराचा बिल्ला लावला होता, म्हणजे कोण कोणाचा ते कळावं. आणि त्यावर सगळ्यांनी मिळून युवराजाची खूण: किरमिजी आणि काळा पट्टा, त्यावर शहामृगाची पिसं. हे लिहिणाऱ्याच्या बखरीत इतका तपशील आहे की लाल गुलाब असता तर सुटला नसता.

बुधवार : बार्नेट

नॉर्दर्न लाइनचं शेवटचं स्टेशन, हाय बार्नेट. चढ चढून गावात आलं की उत्तरेला मंकन हॅडलीपर्यंत सरळ चालायचं. रस्ते जिथे फुटतात तिथे १७४० साली उभारलेला दगडी स्तंभ आहे. मोटारी त्याला वळसा घालून जातात. आजूबाजूला बंगले, हिरवळ, कुत्रे फिरवणारे लोक. बघायला म्हणाल तर एवढंच. तरी या सहलीत मी सर्वात जास्त वेळ थांबलो तो इथे.

१४ एप्रिल १४७१, ईस्टरचा रविवार, पहाट. दाट धुकं. वॉरिक आता बाजू बदलून लँकेस्टरकडे गेलेला, समोर त्यानेच एकेकाळी गादीवर बसवलेला एडवर्ड चौथा. दोन्ही फौजा रात्री अंधारात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, पण नेमक्या समोर नाही, थोड्या सरकलेल्या. त्यामुळे लँकेस्टरच्या उजव्या बाजूचा अर्ल ऑफ ऑक्सफर्ड समोरच्याला सहज मोडून बार्नेट गावापर्यंत पाठलाग करत गेला. त्याची माणसं गावात लुटालुटीला लागली. त्याने जमतील तेवढी गोळा करून परत आणली. दरम्यान रणांगणाची रेघच फिरली होती. धुक्यातून तो बाहेर आला तो आपल्याच सैन्याच्या अंगावर.

ऑक्सफर्डच्या माणसांच्या अंगरख्यावर पुढून-मागून किरणांचा तारा होता. एडवर्डची खूण किरणांचा सूर्य. धुक्यात तारा आणि सूर्य यांत किती फरक राहतो? वॉरिकच्या लोकांनी एडवर्ड समजून बाण सोडले. ऑक्सफर्डच्या लोकांनी ‘दगा, दगा’ अशी आरोळी ठोकली आणि काढता पाय घेतला. त्या युद्धात बाजू बदलणं इतकं नेहमीचं होतं की समोरून बाण आल्यावर चूक झाली असेल असं कोणाच्या मनात आलं नाही, फितुरीच आली. लँकेस्टरची फळी फुटली. वॉरिक पळताना मारला गेला, त्याचा भाऊ माँटेग्यूही.

वॉर्कवर्थच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बखरीत ही हकीकत आहे. काही अभ्यासक तिच्याकडे संशयाने बघतात, कारण गोष्ट जरा जास्तच नीटस आहे. मला ती पटते. छोट्या कापडी तुकड्यावर माणसाचा जीव टांगलेला असेल तर असं कधीतरी होणारच. स्तंभाजवळच्या बाकावर बसून हातात सूर्य आणि तारा काढून पाहिले. माझ्या चित्रकलेत तर धुकं नसतानाही फरक कळत नव्हता.

एडवर्डचा सूर्य आला कुठून, तेही सांगून टाकतो. फेब्रुवारी १४६१ मध्ये वेल्सच्या सीमेवर मॉर्टिमर्स क्रॉसला लढाईच्या सकाळी आकाशात तीन सूर्य दिसले. थंड हवेतल्या बर्फकणांमुळे असे दिसतात. फौज घाबरली, अठरा वर्षांच्या एडवर्डने सांगितलं, हा शुभशकुन आहे, त्रिमूर्ती आपल्या बाजूला आहे. जिंकला. तेव्हापासून सूर्य त्याचा.

गुरुवार : ट्यूक्सबरी

लंडनहून लांब पडतं. ॲशचर्च नावाच्या स्टेशनवर उतरून तीन किलोमीटर बस. पण गावात शिरलात की डोळे निवतात. उन्हाळ्यात हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना घराघरांवर ४ मे १४७१ च्या लढाईत असलेल्या सरदारांची निशाणं लावलेली असतात. औषधाच्या दुकानावर सिंह, पबवर कोंबडा, चष्म्याच्या दुकानावर चंद्रकोर. मध्ययुगात सराईची पाटी आणि सरदाराचं चिन्ह एकाच रस्त्यावर कशी टांगलेली दिसत असतील ते इथे दिसतं.

बार्नेटनंतर तीनच आठवड्यांनी इथे एडवर्डने लँकेस्टरचा उरलासुरला पक्ष संपवला. ज्या युवराजाच्या नावाने हंस वाटले होते तो सतरा वर्षांचा पोरगा इथे मारला गेला. सॉमरसेट (सेंट ऑल्बन्सला मेलेल्याचा मुलगा) आणि इतरांनी मठाच्या चर्चमध्ये आसरा घेतला. त्यांना बाहेर काढून दोन दिवसांनी बाजारात मुंडकी उडवली. नदीकडच्या ज्या कुरणात पळणाऱ्यांची कत्तल झाली त्याला आजही ‘रक्ताचं कुरण’ म्हणतात.

चर्चमध्ये गायकवृंदाच्या जागेत जमिनीवर युवराजासाठी पितळी पट्टी बसवली आहे. तिथे उभं राहून वर पाहा. छताच्या कमानी जिथे मिळतात तिथे सोन्याने मढवलेले सूर्य आहेत, एडवर्डचे. खाली हंसवाला मुलगा, वर त्याला मारणाऱ्याचे सूर्य. विजयानंतर लावलेले. शेकडो वर्षं इथे प्रार्थना म्हणणाऱ्यांना यात काही खटकलं नाही, की रोज बघून सवय झाली, कोण जाणे. सामानाच्या खोलीच्या दाराला आतून चिलखताचे पत्रे ठोकले आहेत. ते लढाईच्या मैदानातून उचललेले, असं सांगतात.

शुक्रवार : रस्त्यात

पाऊस. ॲशचर्चहून बर्मिंगहॅम, तिथून लेस्टर. मामेभाऊ स्टेशनवर घ्यायला आला होता. बेलग्रेव्ह रोडवर ढोकळा आणि कचोरी खाल्ली. गुलाबयुद्धांचा विषय काढला तर तो म्हणाला, “दादा, आमच्याकडे राजा गाडी पार्क करायच्या जागेत सापडला होता, त्याच्यावर तोडीस तोड काही आहे का तुझ्याकडे?” नव्हतं.

शनिवार : बॉसवर्थ आणि लेस्टर

बॉसवर्थला गाडीशिवाय जाणं अवघड. ॲम्बियन टेकडीवर संग्रहालय आहे, बाहेर दोन्ही राजांची निशाणं फडकतात. गंमत अशी की २२ ऑगस्ट १४८५ ची लढाई या टेकडीवर झालीच नाही. पुरातत्त्वज्ञांनी कित्येक वर्षं धातुशोधक यंत्रं घेऊन शेतं पिंजून काढली, आणि खरी जागा नैर्ऋत्येला साधारण तीन किलोमीटरवर, फेन लेनच्या आसपास निघाली. तिथे तोफांचे तीसहून अधिक गोळे मिळाले आणि एका जुन्या दलदलीच्या काठी मिळालं ते रानडुक्कर.

चांदीचं, सोन्याचा मुलामा दिलेलं, दोन-तीन सेंटिमीटरचं. पांढरं रानडुक्कर हा रिचर्ड तिसऱ्याचा बिल्ला. चांदीचा म्हणजे कुणा प्रतिष्ठिताला दिलेला. असा माणूस राजाच्या जवळच असणार, आणि राजा दलदलीपाशी पडला असं जुने वृत्तांत सांगतात. ज्याने हा लावला होता तो बहुधा शेवटच्या हल्ल्यात रिचर्डसोबत घोड्यावर होता. संग्रहालयात काचेसमोर मी बराच वेळ वाकलो होतो. भाऊ मागून म्हणाला, “एवढ्याशा डुकरासाठी माझा शनिवार घालवलास?”

समोरच्या बाजूला काय होतं? हेन्री ट्यूडरने जिंकल्यावर लंडनला सेंट पॉल्समध्ये तीन निशाणं अर्पण केली. एक सेंट जॉर्जचं. दुसरं पांढऱ्या-हिरव्या रेशमावरचा लाल ड्रॅगन, कारण तो वेल्सचा आणि पुराणातल्या कॅडवालाडर राजाचा वंशज म्हणवत असे. तिसऱ्यावर तपकिरी गाय. “गाय?” भाऊ एकदम जागा झाला. हो, गाय. गुलाब मात्र तिन्हींत कुठेच नाही.

आणि हेन्रीच्या फौजेच्या पुढच्या फळीचा सेनापती कोण होता? तोच ऑक्सफर्ड, बार्नेटच्या धुक्यातून निसटलेला. चौदा वर्षं उलटली होती. त्याने आपल्या माणसांना हुकूम दिला, निशाणापासून दहा फुटांच्या पलीकडे कोणी जायचं नाही. पॉलिडोर व्हर्जिलच्या इतिहासात हा हुकूम आला आहे. इतिहासकार त्याला लष्करी शिस्तीचा नमुना म्हणतात. बार्नेटचा दगड पाहून आलेल्या मला त्यात पोळलेला माणूस दिसला.

दुपारी लेस्टर. २०१२ साली रिचर्डची हाडं सापडली तो खड्डा आता संग्रहालयाच्या काचेच्या फरशीखाली दिसतो. समोरच्या कॅथीड्रलमध्ये २०१५ साली त्याला पुन्हा पुरलं. काळ्या दगडाच्या चौथऱ्यावर फिकट रंगाची जीवाश्मांची शिळा. शहरात दंतकथा अशी की लढाईआधी राजा ‘पांढरं रानडुक्कर’ नावाच्या सराईत उतरला होता, आणि तो मेल्यावर मालकाने लगोलग पाटीवरचं डुक्कर निळं रंगवलं. निळं डुक्कर हा ऑक्सफर्डचा बिल्ला. ‘ब्लू बोअर’ सराई खरी होती, १८३६ साली पाडली. रंगवण्याची कथा खरी असो-नसो, सराईवाल्याची अक्कल मात्र कोणत्याही काळात चालणारी.

रिचर्डच्या डुकरावरून एकाने जीव गमावला. जुलै १४८४ मध्ये विल्यम कॉलिंगबर्नने सेंट पॉल्सच्या दारावर दोन ओळी चिकटवल्या. मराठीत करायच्या तर अशा:

मांजर, उंदीर, लव्हेल आमचा कुत्रा,
डुकराखाली चालवती देश सारा.

मांजर म्हणजे कॅट्सबी, उंदीर रॅटक्लिफ, दोघांच्या नावांवरून. कुत्रा लव्हेलच्या बिल्ल्यावरून. तिघेही रिचर्डच्या मर्जीतले. डुक्कर कोण ते सांगायला नको. कॉलिंगबर्नला हालहाल करून मारलं. आरोपांत हेन्री ट्यूडरशी संधान बांधल्याचंही होतं, पण लोकांच्या ध्यानात ओळीच राहिल्या.

रविवार : टाउटन

सकाळच्या गाडीने यॉर्क, तिथून बसने टॅडकास्टर, पुढे पायी. रस्त्याला फुटपाथ बरा आहे. टाउटन गाव ओलांडल्यावर सॅक्स्टनच्या वाटेवर पडीक कुंपणाशी एक जुना क्रूस आहे. २९ मार्च १४६१, झावळ्यांचा रविवार, हिमवर्षाव. इंग्लंडच्या भूमीवरची सर्वात रक्तरंजित लढाई म्हणून हिचं नाव घेतात. तेव्हाच्या पत्रांत अठ्ठावीस हजार मेल्याचं लिहिलंय. आजचे अभ्यासक आकडा पुष्कळ खाली आणतात. १९९६ साली टाउटन हॉलला बांधकाम करताना एका खड्ड्यात जवळजवळ चाळीस सांगाडे मिळाले, कवट्यांवर एकावर एक वार.

इथे अखेर गुलाब भेटतो, आणि तोही खरा, त्या काळातला. विजयानंतर रचलेल्या एका गाण्यात एडवर्डला ‘रूआँचा गुलाब’ म्हटलंय, कारण तो फ्रान्समधल्या रूआँला जन्मला होता आणि पांढरा गुलाब यॉर्कच्या अनेक बिल्ल्यांतला एक होताच. गाण्यात त्याच्यामागे कोण कोण आलं बघा: ब्रिस्टलचं जहाज, कॉव्हेंट्रीचा काळा मेंढा, वूस्टरचा लांडगा, माशाचा गळ, खाचांची काठी. ही वर्णनं नाहीत, हजेरीपट आहे. शत्रूच्या बाजूला लाल गुलाब मात्र या गाण्यातही नाही. पांढरा होता, जोडीचा लाल नव्हता.

परतताना लीडच्या शेतातल्या एकट्या चर्चसमोर ‘क्रूकेड बिलेट’ नावाचा पब लागतो. हे नाव वॉरिकच्या काठीवरून पडलं असं तिथे मानतात. जेवण चांगलं मिळालं, काठीबद्दल मालकाकडे आणखी माहिती मिळाली नाही.

सोमवार : यॉर्क

यॉर्क शहराचा यॉर्क घराण्याशी संबंध वाटतो तेवढा नव्हता. ड्यूक ऑफ यॉर्क ही पदवी. त्याच्या मोठ्या जहागिरी वेल्सच्या सीमेकडे. टाउटनच्या वेळी यॉर्कशायरचे बहुतेक बडे सरदार लँकेस्टरच्या बाजूने होते. आज यॉर्कशायरचा पांढरा गुलाब आणि लँकेशायरचा लाल म्हणतात, क्रिकेटमध्ये दोघांच्या सामन्याला ‘रोझेस मॅच’ म्हणतात, पण दोन परगण्यांची ती लढाई नव्हतीच. क्रिकेटवरून आठवलं, या दोन्ही गुलाबांवर मुंबईचा हक्क आहे. लाल गुलाब छातीवर घेऊन फारूख इंजिनीअर वर्षानुवर्षं लँकेशायरकडून खेळला. आणि परगण्याबाहेर जन्मलेल्याला घ्यायचं नाही असा पण केलेल्या यॉर्कशायरने १९९२ साली पहिला परदेशी खेळाडू आणला तो सचिन. दुकानातल्या बाईंना हे सांगितलं, तर त्यांना ते माझ्याहून चांगलं माहीत होतं.

मिकलगेट बार हा शहराच्या तटाचा दक्षिणेकडचा दरवाजा. डिसेंबर १४६० मध्ये वेकफील्डला मारल्या गेलेल्या ड्यूक ऑफ यॉर्कचं डोकं कागदी मुकुट घालून याच दरवाजावर लावलं होतं. तेवीस वर्षांनी, सप्टेंबर १४८३ मध्ये, त्याचा धाकटा मुलगा रिचर्ड तिसरा राजा होऊन इथे आला आणि आपल्या मुलाला युवराज केलं. त्या समारंभासाठी जाडसर कापडावर काढलेल्या रानडुकरांचे तेरा हजार बिल्ले मागवले होते. त्याने शहर जिंकलंही. बॉसवर्थच्या दुसऱ्या दिवशी, २३ ऑगस्ट १४८५ रोजी, नगरसभेने दप्तरात लिहून ठेवलं की आमचा राजा रिचर्ड दुर्दैवाने मारला गेला आणि शहर मोठ्या शोकात आहे. नवा राजा कोण ते माहीत असूनही लिहिलं.

मग एप्रिल १४८६ मध्ये हेन्री सातवा यॉर्कला आला. जानेवारीत त्याने एडवर्ड चौथ्याच्या मुलीशी, एलिझाबेथशी लग्न केलं होतं. शहराला आदल्या वर्षीचा शोक पुसायचा होता. म्हणून याच मिकलगेटपाशी देखावा उभारला: झाडाफुलांचं जग, त्यातून एक मोठा लाल गुलाब वर येतो, मग पांढरा, बाकी सगळी फुलं त्यांच्यापुढे झुकतात आणि ढगातून मुकुट उतरून दोघांना झाकतो. त्याच वर्षी क्रोलंड मठाच्या बखरीतही आलं, रानडुकराचे सुळे बोथट झाले आणि पांढऱ्यासाठी सूड उगवणारा लाल गुलाब आता आपल्यावर तळपतो आहे. लाल आणि पांढरा समोरासमोर आले ते असे, लढाई जिंकल्यावर, एकमेकांत मिळवून टाकण्यासाठी. दोघांची जोडी लावल्यामुळे तीस वर्षांची गोंधळाची मारामारी दोन बाजूंचं सरळ भांडण ठरली, आणि ते मिटवणारा एकच. शेक्सपिअरच्या बागेचं बी इथलं.

मिन्स्टरच्या, म्हणजे यॉर्कच्या कॅथीड्रलच्या, दक्षिण बाजूला वरची गोल खिडकी त्याच लग्नाची आठवण म्हणून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लाल-पांढऱ्या गुलाबांच्या काचांनी भरली. १९८४ च्या आगीत काचा तडकल्या, पण पडल्या नाहीत. जोडून परत बसवल्या. दुर्बीण न्या, खालून नुसते ठिपके दिसतात.

ज्यांच्याकडे वेळ कमी असेल त्यांनी इनर टेंपल वगळलं तरी चालेल. सेंट ऑल्बन्स आणि बार्नेट लंडनहून एका दिवसात होतात, सकाळी लवकर निघालं तर. ट्यूक्सबरीला रात्रीचा मुक्काम करा, शेवटची बस लवकर जाते. बॉसवर्थला मात्र लेस्टरमध्ये कोणी नातेवाईक असेल तर त्याचा शनिवार आधीच मागून ठेवा.